माझगावच्या डफरीनवरून सिकंदराबादेत

1982 साली इंग्रजीत एक आत्मकथन प्रसिद्ध झालं, 'अ सेलर रिमेंबर्स'. लिहिणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, नौदलातून निवृत्त होऊन वीस वर्षं लोटलेली. पुस्तक आलं आणि थोड्याच काळात, 21 जानेवारी 1983 रोजी, सिकंदराबादला त्यांचं निधन झालं. ते होते रामदास कटारी, स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख.

नौदलप्रमुख म्हटलं की एखादी नावाजलेली नौदल अकादमी डोळ्यांसमोर येते. कटारींच्या आयुष्याची सुरुवात तशी झाली नाही. मुंबईत माझगावसमोर नांगरून ठेवलेल्या 'डफरीन' नावाच्या जुन्या बोटीवर ते शिकले. ती शाळा व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवण्यासाठी 1927 साली निघाली होती आणि कटारी तिच्या पहिल्या तुकडीतले. 8 ऑक्टोबर 1911 रोजी मद्रासजवळच्या चेंगलपट्टूत जन्मलेला हा मुलगा बोटीची शिडी चढला तेव्हा सोळा वर्षांचा होता. तिथून निघालेला प्रवास हुगळीच्या गाळातून, महायुद्धातून, दिल्लीच्या नौदल मुख्यालयातून, आंध्रच्या एसटीतून आणि रंगूनच्या राजदूतावासातून होत दख्खनच्या पठारावर येऊन थांबला. मला या प्रवासाबद्दल लिहायचं आहे. त्याहून जास्त लिहायचं आहे त्या बोटीबद्दल. एवढं भरलेलं आयुष्य पेलायची तयारी त्या बोटीवर कशी झाली असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

हैदराबाद हे काही दर्यावर्दींचं गाव नव्हे. सर्वांत जवळचा समुद्र इथून सुमारे तीनशे किलोमीटरवर. पण हे शहर समुद्राला कायमचं पारखं होतं असंही नाही. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीला मछलीपट्टण होतं. तिथून कलमकारी कापड आणि हिरे बाहेर जात, हजचे यात्रेकरू जहाजात बसत. इंग्रजांनी त्या किनाऱ्यावर 1611 साली आपली वखार घातली. पुढे 1766 च्या तहात निजामानं उत्तर सरकारचा किनारी मुलूख इंग्रजांना देऊन टाकला आणि कालांतरानं हैदराबादचं राज्य चारी बाजूंनी जमिनीनं वेढलं गेलं. हा सल किती खोल होता ते पावणेदोनशे वर्षांनी दिसलं. 1947-48 मध्ये, भारतात विलीन व्हायचं टाळण्याच्या धडपडीत, निजामाच्या दरबारानं पोर्तुगालकडून गोवा मिळवता येईल का याची चाचपणी केली होती. हैदराबादला बंदर हवं होतं. पोर्तुगालनं दाद दिली नाही. गोव्याचा विषय पुढे येणार आहे म्हणून हे इथे सांगून ठेवतो.

आता डफरीन. ही बोट निघाली कशी, हे कळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

इंग्रजांच्या जहाजांवर हिंदी माणसं शतकभर राबत होती. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल, खाली इंजिनखोलीत पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोवेकर. जहाज त्यांच्या हातांवर चाले. पण ब्रिजवर उभं राहून जहाजाची दिशा ठरवणारा माणूस नेहमी गोरा. सारंगाला समुद्र कितीही कळत असला तरी त्याला मेटचं किंवा मास्टरचं तिकीट मिळण्याचा रस्ता नव्हता. तिकीट म्हणजे अधिकारी म्हणून काम करण्याचा परवाना. त्यासाठी परीक्षा द्यावी लागे, परीक्षेआधी जहाजावर उमेदवारी करावी लागे, आणि हिंदी पोराला उमेदवार म्हणून घेणार कोण? कंपन्या इंग्रजांच्या.

हा दरवाजा आधी व्यापाराच्या बाजूनं ठोठावला गेला. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली 'लॉयल्टी' ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. आज आपण 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो या सफरीच्या आठवणीसाठी. पण लॉर्ड इंचकेपच्या ब्रिटिश इंडिया कंपनीनं भाडी पाडून सिंदियाचा श्वास कोंडला. 1923 साली वालचंदांच्या कंपनीला दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात आपल्या जहाजांचं टनेज 75,000 च्या वर न नेण्याची अट होती. आपल्याच किनाऱ्यावर, आपलाच माल, आणि बोटी किती ठेवायच्या हे दुसऱ्यानं सांगायचं. वालचंदांना व्यापारी म्हणून ओळखणाऱ्यांनी त्यांच्या आयुष्यातलं हे प्रकरण जरूर वाचावं.

दुसऱ्या बाजूनं सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी जानेवारी 1922 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला की हिंदी व्यापारी नौदल उभं राहावं आणि त्यासाठी हिंदी तरुणांना शिकवण्याची सोय व्हावी. सरकारनं 1923 साली समिती नेमली. अध्यक्ष होते रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलम. समितीनं दोन मोठ्या गोष्टी सुचवल्या. मुंबईत एक प्रशिक्षण जहाज ठेवा, आणि किनारी व्यापार हळूहळू हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा. दुसरी शिफारस इंग्रज कंपन्यांच्या मुळावर येणारी होती, ती बासनात गेली. पहिली मात्र सरकारनं मान्य केली. माझ्या मते लोकांच्या तोंडाला पानं पुसायला म्हणूनच ती मान्य झाली. तरीही त्या एका बोटीनं जे केलं ते ती देणाऱ्यांच्या कल्पनेबाहेरचं होतं.

बोट मुद्दाम बांधलेली नव्हती. इंग्लंडात बॅरो इथल्या व्हिकर्सच्या गोदीत 1904 साली पाण्यात उतरलेली 'डफरीन' ही रॉयल इंडियन मरीनची सैन्यवाहू बोट. पलटणी इकडून तिकडे नेणं हे तिचं काम. पहिल्या महायुद्धात ती लाल समुद्रातही फिरली. म्हातारी झाल्यावर तिला माझगावसमोर नांगरली, पलटणींच्या जागी वर्ग केले आणि डिसेंबर 1927 मध्ये पहिली तुकडी वर आली. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली पंधरा-सोळा वर्षांची ती मुलं. त्यांच्या आज्यांच्या पिढीत समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, हे लक्षात घ्या. तेव्हा मुलाला त्या बोटीवर पाठवणाऱ्या आईबापांचं धाडसही मुलाच्या धाडसाइतकंच मोठं मानायला हवं.

अशा प्रशिक्षण जहाजावरचं शिक्षण म्हणजे नुसतं पुस्तक नव्हे. पहाटे बिगुल. अनवाणी पायांनी डेक घासणं. दोराच्या गाठी इतक्या वेळा मारायच्या की अंधारात, पावसात, बोटं गारठलेली असतानाही हात आपोआप चालावेत. होडी वल्हवणं, शीड बांधणं, डोलकाठीवर चढणं, झेंड्यांनी आणि दिव्यानं संदेश पाठवणं. घंटांवर चालणारा वेळ: दर अर्ध्या तासाला एक घंटा वाढत जायची, चार तासांनी आठ घंटा झाल्या की वॉच बदलायची. हा हिशेब एकदा अंगात मुरला की उतरत नाही. जहाजावर बारा ते चारची वॉच सेकंड मेटची, चार ते आठची चीफ ऑफिसरची, आठ ते बाराची थर्ड मेटची. चाळीस वर्षं बारा-चारची वॉच केलेला माणूस निवृत्तीनंतरही रात्री बाराला जागा होतो, हे कोणत्याही नाविकाच्या घरी विचारून पाहा.

आणि वर्गात गणित. आज जीपीएसचा आकडा समोर येतो, त्यामुळे तेव्हा जहाज कुठे आहे हे शोधणं म्हणजे काय असे याची कल्पना येत नाही. भर दुपारी सूर्य माथ्यावर चढताना सेक्स्टंट डोळ्याला लावायचा, आरशातून सूर्याची कडा क्षितिजावर आणून टेकवायची आणि कोन वाचायचा. सूर्य ज्या क्षणी सर्वांत उंच असेल त्या क्षणाच्या कोनावरून अक्षांश निघतो. रेखांशासाठी घड्याळ लागतं. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून ग्रीनिचची वेळ आणि आपली स्थानिक वेळ यांतला फरक कळला की आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत ते कळतं. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जहाज नकाशात एक सागरी मैल सरकतं. ढग असले तर सूर्य मिळत नाही. मग वेग, दिशा आणि प्रवाह यांवरून अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर पन्नास-साठ माणसांचे जीव ठेवायचे. सोळा वर्षांच्या मुलाला हे शिकवलं की त्याला दोन गोष्टी आपोआप येतात. हिशेब प्रामाणिक ठेवणं, आणि चूक सापडली की लगेच सांगणं. लपवलेल्या चुकीचा खडक होतो. कटारींच्या पुढच्या आयुष्यात जी कामं त्यांच्याकडे आली ती पाहताना मला या दुपारच्या गणिताची वारंवार आठवण होते.

शिकून बाहेर पडलेल्यांना नोकरी सहज मिळाली नाही. इंग्रज कंपन्यांना हिंदी अधिकारी नको होते. आधार मुख्यतः सिंदियाचा. वालचंदांची कंपनी नसती तर डफरीनची पहिली मुलं हातात प्रमाणपत्र घेऊन बंदरावर उभी राहिली असती. कटारी कलकत्त्याला गेले आणि तिथल्या पोर्ट कमिशनरांच्या हुगळी सर्वेक्षणात लागले.

हुगळीचं काम बाहेरच्याला कंटाळवाणं वाटेल. पण नाविकांच्या जगात ही नदी धास्तीची. समुद्रापासून कलकत्त्यापर्यंतचा तिचा मार्ग दोनशे किलोमीटरच्या घरात. दामोदर आणि रूपनारायण या नद्या भरमसाट गाळ आणून ओततात, वाळूचे बांध जागा बदलत राहतात. 'जेम्स अँड मेरी' नावाच्या बांधानं किती जहाजं गिळली याच्या कथा कलकत्त्याच्या पायलटांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. म्हणून सर्वेक्षणवाल्यांनी सतत खोली मोजायची, खुणांच्या बोयांची जागा हलवायची, नकाशा पुन्हा काढायचा. कालचा नकाशा आज खोटा. नाव कुठेही छापून येत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवून दुसऱ्याचं जहाज आत येतं. तरुण वयात असं काम वाट्याला येणं हे मी भाग्य समजतो.

दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा कटारी नौदलाच्या राखीव दलात आले आणि पुढे रॉयल इंडियन नेव्हीतच राहिले. व्यापारी नौदलासाठी काढलेल्या शाळेतून आरमारी अधिकारी निघाले ते असे. डफरीनची नावं पाहत गेलं की थक्क व्हायला होतं. 1971 च्या युद्धात पूर्वेकडच्या आरमाराची सूत्रं ज्यांच्या हाती होती ते व्हाइस ॲडमिरल निळकंठ कृष्णन 1935 साली डफरीनवर दाखल झालेले. 1976 ते 1979 नौदलप्रमुख असलेले जाल कर्सेटजी डफरीनचे. आणि सीमेपलीकडे, 1953 साली पाकिस्तानी नौदलाचे पहिले पाकिस्तानी प्रमुख झालेले हाजी मोहम्मद सिद्दीक चौधरी हेही डफरीनचेच. एकाच डेकवर शिकलेल्या मुलांनी दोन देशांची आरमारं उभी केली.

भारतात मात्र नौदलाला आपला प्रमुख मिळायला वेळ लागला. लष्करात करिअप्पा 15 जानेवारी 1949 रोजी आले, हवाई दलात सुब्रोतो मुखर्जी 1954 साली. नौदलात 1958 पर्यंत इंग्रज ॲडमिरल होते. याचा दोष नेहरूंच्या सरकारवर टाकायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. ताफा चालवण्याइतका ज्येष्ठ, समुद्रावर पुरेशी वर्षं काढलेला हिंदी अधिकारी तयार व्हायला तीन दशकं लागतात, आणि आपल्याकडे शिकवायची बोटच 1927 साली आली. 1927 मध्ये तीस मिळवा, उत्तर 1957 येतं. 2 ऑक्टोबर 1956 रोजी कटारी ताफ्याचे पहिले भारतीय सेनापती झाले आणि 22 एप्रिल 1958 रोजी, ॲडमिरल कार्लिल यांच्यानंतर, नौदलप्रमुख. तेव्हा या पदाचा हुद्दा व्हाइस ॲडमिरल होता. डफरीन दहा वर्षं आधी निघाली असती तर पहिला भारतीय नौदलप्रमुखही आधी मिळाला असता, असं मी खात्रीनं म्हणतो.

त्यांच्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते 'विक्रांत' नौदलात दाखल झाली आणि नोव्हेंबरात मुंबईला आली. आणि डिसेंबरात गोवा. गोवा पोर्तुगीजांकडून सोडवण्याच्या मोहिमेत, ऑपरेशन विजयमध्ये, ताफ्याचं नेतृत्व रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे होतं. 18 डिसेंबरला 'बेतवा' आणि 'बियास' यांनी मुरगाव बंदरासमोर 'अफोन्सो द आल्बुकर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेशी तोफांची लढाई केली आणि तिला किनाऱ्याला लागावं लागलं. अंजदीव बेटावर 'म्हैसूर' आणि 'त्रिशूल'च्या तुकड्या उतरल्या. तिथे नौदलाचे जवान कामी आले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला. चौदा वर्षांपूर्वी हैदराबादच्या दरबारानं जे बंदर पैसे मोजून मिळवण्याचं स्वप्न पाहिलं होतं ते भारतात आलं, तेव्हा नौदलाच्या शिखरावर जो माणूस होता त्यानं आपलं म्हातारपण हैदराबाद-सिकंदराबादेत काढलं. जून 1962 मध्ये त्यांच्या जागी सोमण आले.

आणि इथे मला कटारींच्या आयुष्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग सुरू होतो असं वाटतं. निवृत्त झाले तेव्हा ते फक्त पन्नास वर्षांचे. नौदलप्रमुखपद भोगलेला माणूस. सभासमारंभ, एखादं संचालकपद, संध्याकाळचा क्लब एवढ्यावर आयुष्य गेलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी आंध्र प्रदेशच्या एसटी महामंडळाचं अध्यक्षपद घेतलं.

मराठवाड्यातल्या वाचकांना हे महामंडळ परकं वाटायला नको. 1932 साली निजामाच्या रेल्वे खात्यानं 27 गाड्या आणि 166 माणसं घेऊन बससेवा सुरू केली, त्या खात्याचा हा वारस. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीडच्या आपल्या आजोबांनी निजामाच्या ज्या बसमधून प्रवास केला तीच ही सेवा. 1956 ला राज्यं फुटली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि उरलेल्या भागासाठी 11 जानेवारी 1958 ला आंध्रचं स्वतंत्र महामंडळ झालं. विमानवाहू नौका ज्याच्या काळात आली तो माणूस आता डेपो, टायर, डिझेल, चालकांच्या पाळ्या आणि तालुक्याच्या रस्त्यांचा विचार करू लागला. मला यात उतरंड दिसत नाही. बस वेळेवर सुटणं आणि वॉच वेळेवर बदलणं या दोन्हींना एकाच जातीचा माणूस लागतो. डफरीननं तो तयार केला होता.

1964 साली त्यांना ब्रह्मदेशात राजदूत म्हणून पाठवलं गेलं, 1969 पर्यंत ते तिथे होते. तो काळ तिथल्या भारतीयांसाठी फार वाईट होता. ने विनच्या लष्करी राजवटीनं दुकानं, पेढ्या, उद्योग ताब्यात घेतले. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली लाखांवर भारतीय माणसं, त्यांत तेलुगू आणि तमिळ मजूर-व्यापारी फार, जवळपास रिकाम्या हातांनी मायदेशी निघाली. भारत सरकारनं त्यांच्यासाठी बोटी पाठवल्या. मद्रास आणि विशाखापट्टणमच्या धक्क्यांवर ती माणसं उतरली. विशाखापट्टणमला 'बर्मा कॅम्प' नावाची वस्ती आजही आहे. त्याच गावात वालचंदांनी जहाजबांधणीची गोदी उभारली होती. 21 जून 1941 ला राजेंद्रप्रसादांनी तिची पायाभरणी केली आणि 14 मार्च 1948 ला नेहरूंनी 'जल उषा' पाण्यात सोडली. हा सगळा इतिहास एकमेकांत किती गुंतलेला आहे पाहा. ज्या कंपनीमुळे डफरीनच्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या त्या कंपनीची गोदी, त्याच गावात ब्रह्मदेशातून परतलेल्यांची वस्ती, आणि रंगूनमध्ये त्यांच्या बाजूनं बोलायला बसलेला डफरीनच्या पहिल्या तुकडीतला कॅडेट.

मग सिकंदराबाद. निवृत्त सैनिकांना हे गाव पूर्वीपासून आवडतं. छावणीची शिस्त, उंचावरची हवा, लष्करी रुग्णालय, माफक खर्च. सैनिकपुरीसारख्या वसाहती त्यातूनच झाल्या. पठारावर येऊन राहणारे दर्यावर्दी कमी नाहीत. आपल्याकडे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं उदाहरण आहे. 1971 साली बंगालच्या उपसागरात 'कामोर्ता'वर लढून वीरचक्र मिळवलेला, पुढे पश्चिम नौदल कमांडचा प्रमुख झालेला हा माणूस निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला जाऊन राहिला आणि 2018 साली तिथेच त्यांचं निधन झालं. माणदेशाच्या कोरड्या मुलखात बसून त्यांनी सागर परिक्रमेचं स्वप्न पाहिलं: भारतीय माणसानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली आणि 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी ती प्रदक्षिणा पुरी केली. समुद्रापासून दूर राहायला गेलेला नाविक समुद्राचा विचार करायचं सोडत नाही. कटारींनी आठवणी लिहिल्या, आवटींनी बोट बांधून घेतली.

हैदराबादनंही समुद्राशी नवं नातं जोडलं आहे. शहराच्या वायव्येला प्रगतीनगरमध्ये 'इनकॉइस' ही केंद्र सरकारची संस्था 1999 पासून उभी आहे. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे हे ती कोळ्यांना कळवते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर 2007 साली देशाचं त्सुनामी इशारा केंद्र इथेच सुरू झालं. म्हणजे रत्नागिरीच्या कोळ्याला लाटांचा इशारा ज्या गावातून जातो त्या गावाला स्वतःचा किनारा नाही. कटारींना हे पाहायला मिळालं नाही याची मला हळहळ वाटते. हुगळीचा तळ दोरीनं मोजलेल्या माणसाला यातलं मर्म लगेच कळलं असतं.

भरलेलं आयुष्य कशाला म्हणायचं, याचं माझं उत्तर कटारींकडे पाहून बनलं आहे. हुद्दा, पदकं, मानमरातब हे त्यात येतं, पण शेवटी. लहान वयात एखादी गोष्ट हातानं नीट करायला शिकणं, ती शिकवणारी जागा मिळणं, बरोबरीला देशभरातली मुलं असणं, आणि नंतर जे काम समोर येईल त्याला त्याच हातांनी भिडणं. नदीचा गाळ असो, युद्ध असो, एसटी असो की परदेशातले निर्वासित. हे ज्याला जमलं त्याचं आयुष्य भरलं. अशा माणसाला म्हातारपणी शिकण्याचे दिवस आठवतात, ते उगाच गोडवे गाण्यासाठी नाहीत. आपण कुठे घडलो हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

डफरीनचं पुढे काय झालं? डफरीन माझगावसमोर पंचेचाळीस वर्षं उभी राहिली. 1972 साली तिची जागा 'राजेंद्र' या नव्या प्रशिक्षण जहाजानं घेतली. 1993 मध्ये शिक्षण जहाजावरून उतरून नवी मुंबईत 'चाणक्य' या किनाऱ्यावरच्या संस्थेत आलं आणि 2008 साली इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी झाली तेव्हा ती त्या विद्यापीठात सामावली गेली. आता सिम्युलेटरवर वादळ दाखवता येतं, मुलीही कॅडेट होतात, आणि कोणत्याही जिल्ह्यातली पोरं प्रवेश परीक्षा देतात. प्रगती आहेच. पण सोळाव्या वर्षी, चोवीस तास, तीन वर्षं एका बोटीवर राहून जे अंगात मुरत असे ते वर्गात कितपत मुरतं, हे त्या संस्थांमधल्या शिक्षकांनी प्रामाणिकपणे तपासायला हवं.

हा लेख लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. कटारींनी आणि कृष्णन यांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या म्हणून त्या उरल्या. ते मोठ्या पदांवरचे. डफरीनवरून निघालेले बहुसंख्य कॅडेट व्यापारी जहाजांवर गेले. त्यांत मुंबई-पुण्याची, कोकणची, बेळगावची मराठी मुलंही होती. ते मेट झाले, मास्टर झाले, पायलट झाले, गोदी चालवली, परीक्षा घेतल्या. त्यांनी जग पाहिलं ते मराठी डोळ्यांनी. बंद पडलेला सुएझ कालवा चुकवून केपला घातलेला वळसा, घरी पत्र पोचायला लागणारे महिने, मुलाच्या जन्माची तार भर समुद्रात रेडिओ ऑफिसरनं आणून देणं, हे सारं त्यांच्या बोलण्यात आहे. मराठीत छापलेलं फारच थोडं. आपल्या भाषेत डोंगर चढणाऱ्यांचं साहित्य आहे, तुरुंगात गेलेल्यांचं आहे, शेतात राबलेल्यांचं आहे. आगबोटीच्या ब्रिजवर उभ्या राहिलेल्या मराठी माणसाचं साहित्य जवळपास नाही. हे दारिद्र्य आहे, आणि ते आपल्या आळसातून आलेलं आहे.

1972 साली डफरीन गेली तेव्हा तिच्यावर शेवटी शिकलेली मुलं सोळा-सतरा वर्षांची होती. म्हणजे सर्वांत धाकटा डफरीनवालाही आता सत्तरीला आला आहे. बाकीचे ऐंशी-नव्वदीत. हैदराबादेत काचीगुड्याला, सिकंदराबादेत मारेडपल्लीला, पुण्यात, ठाण्यात, दापोलीत तुमच्या ओळखीच्या कुणाच्या घरी असा एखादा कॅप्टन असेल. दिवाळीला भेटायला जाल तेव्हा सोबत फोन न्या आणि रेकॉर्डिंग सुरू करा. आधी बोटीचं नाव विचारा, मग तुकडीचं साल, मग पहिल्या सफरीचं बंदर. बाकीचं ते स्वतः सांगतील. सांगतील ते जसंच्या तसं मराठीत उतरवून घ्या, जहाजांची नावं आणि तारखा नीट पडताळा, आणि एक प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवा. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.